मधल्या नावासाठी जालन्यापर्यंत

नेदरलँड्समधल्या आमच्या छोट्याशा गावात बरेच जण मला भानुदास म्हणतात. दातांच्या दवाखान्यात वाट बघत बसलेली असते, नर्स दार किलकिलं करते, हातातल्या कागदाकडे बघते आणि अडखळत हाक मारते, "मेफ्राउ बानूडास?" म्हणजे, भानुदासबाई आहेत का? मी उठते आणि मुकाट्याने आत जाऊन तोंड उघडते. खरे भानुदास त्या वेळी सातासमुद्रापलीकडे, जालना जिल्ह्यात बदनापूरजवळच्या एका खेड्यात तुरीला पाणी देत असतात. ते माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांच्या स्वतःच्या दाढा केव्हाच गेल्यात आणि दवाखान्याचं नाव काढलं की ते शेताकडे चालू लागतात.

आधी स्वतःचं नाव, मग बापाचं, मग आडनाव ही आपली रीत तिकडे कुणाला ठाऊक नाही. सारिका भानुदास शिंगाडे यातली पहिली दोन्ही नावं माझीच, असा त्यांचा समज. सुरुवातीला मी हौसेने समजावून सांगायची. पुढे कंटाळले. आणि खरं सांगायचं तर परक्या मुलखात अधूनमधून कुणी बापाच्या नावाने हाक मारली की मला बरं वाटायचं.

त्याच नावापायी गेल्या वर्षी जानेवारीत मी आणि माझा नवरा यान जालन्याला जाऊन आलो. एवढ्या लांबून येणारी माणसं वेरूळ-अजिंठा बघतात. आम्ही दोन विमानं आणि एक आगगाडी करून एका मधल्या नावासाठी आलो होतो.

झालं होतं असं. यान तिकडचाच, कालव्यांवरचे पूल उघडणाऱ्या-मिटणाऱ्या खात्यात कामाला. आमचं लग्न माझ्या गावी लागलं आणि त्याची नोंदही जालन्यातच झाली. इतकी वर्षं मी त्याची बायको म्हणून तिथे राहण्याच्या परवान्यावर होते. आता तिथलं नागरिकत्व घ्यायचं ठरवलं आणि अर्ज केला. अर्ज तपासणाऱ्या बाईंनी मोठ्या सभ्यपणे कळवलं की पासपोर्टवर आहे सारिका भानुदास शिंगाडे आणि विवाह प्रमाणपत्रावर आहे सारिका यान डे योंग, तेव्हा या दोघी एकच आहेत असं आम्हाला धरता येत नाही. तिथे बाईचं जन्माचं नाव कागदोपत्री मरेपर्यंत तेच राहतं. नवऱ्याचं आडनाव हवं तर हौसेने लावा. कागद जुळवून आणा, नाहीतर अर्ज बंद करावा लागेल.

जुळवायच्या वाटा दोन होत्या. सोपी वाट म्हणजे पासपोर्टातच नवऱ्याचं नाव घालून घ्यायचं. ते काम तिकडच्या तिकडे झालं असतं, आणि भानुदास कायमचे गळाले असते. दुसरी वाट म्हणजे जालन्याला जाऊन प्रमाणपत्रावरचं नाव दुरुस्त करून आणायचं. यानने विचारलं, "कुठली?" तोवर मी विमानाची तिकिटं बघायला लागले होते.

जालना

मराठवाड्यातला जानेवारी ज्याला ठाऊक नाही त्याने सकाळच्या गाडीने जालन्याला उतरून बघावं. उन्हात उभं राहिलं तर पाठ भाजते आणि सावलीत गेलं की दात वाजतात. स्टेशनबाहेरचे रिक्षावाले कानटोप्या घालून बसले होते. यान अर्ध्या बाहीच्या शर्टात. आमच्या रिक्षावाल्याने त्याच्याकडे कळवळून पाहिलं.

"ताई, सायबाला थंडी न्हाई वाजत का?"

"त्यांच्याकडं पाणी गोठतं हिवाळ्यात. लोक त्याच्यावरून चालत जातात."

"असं?" म्हणून त्याने रिक्षा सुरू केली. त्याचा माझ्यावर काडीचा विश्वास बसला नव्हता. थोडं पुढे गेल्यावर त्याने मान मागे वळवून यानला सांगितलं, "जालना, सोने का पालना! बराबर जागी आलात." यानने मान डोलावली आणि एका खड्ड्यात आमची डोकी टपाला लागली.

इथे यानच्या मराठीबद्दल सांगायला हवं. ती त्याने माझ्याकडून उचलली आहे. त्यामुळे तो बाईसारखं बोलतो. मी जाते, मी आले, मी थकले. पुस्तक आणून दिलं, यादी करून दिली, पण जे कानावर पडतं तेच तोंडात बसतं. दुसरी गोष्ट अशी की मी त्याला 'तू' म्हणते, म्हणून तोही सगळ्या जगाला 'तू' म्हणतो, अगदी माझ्या आईबापांनासुद्धा. आणि त्याचं नाव. तिकडे यान म्हणजे आपल्याकडे गणपत किंवा बबन असतो तसं घरटी एक सापडणारं नाव. आमच्या गावाने मात्र पहिल्याच दिवशी त्याचं चंद्रयान करून टाकलं.

जुन्या जालन्यात मायने सांगितलेला गूळ घ्यायला उतरलो. गल्ली इतकी अरुंद की धान्याच्या पोत्यांनी भरलेली हातगाडी पुढे आणि मोटारसायकलींची रांग मागे, मध्ये आम्ही. कोपऱ्यावर चहाची टपरी होती. यान पुढे झाला आणि ठणठणीत आवाजात म्हणाला, "मी चहा घेते."

टपरीवाल्याने सहा फुटांच्या या माणसाला खालून वरपर्यंत न्याहाळलं. चेहऱ्यावरची रेघ न हलवता बाकडं पुसलं आणि म्हणाला, "बसा की मंग, बाई."

चहा फार चांगला होता. तिकडे पाहुणे आले की कॉफीबरोबर एक बिस्कीट देतात आणि डब्याचं झाकण लावून टाकतात. इथे टपरीवाल्याने यानला न मागता दुसरा कप दिला, वर म्हणाला, "ह्यो माझ्याकडून. लई दिवसांनी हसलो."

गाव

आमच्या घराची चौकट बुटकी आहे. यान प्रत्येक वेळी तिला कपाळ आपटतो आणि माय प्रत्येक वेळी हळद घेऊन तयार असते. या वेळी तिने भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाय धुवायला पाणी दिलं आणि आधीच हळदीची वाटी उंबऱ्याशी ठेवली होती. तरी आपटलाच.

जेवायला येसर आमटी, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याचा ठेचा होता. येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांचा आणि मसाल्यांचा कूट. त्याची आमटी लग्नाच्या पंगतीला व्हायची, आता लेक आली की होते. यान आमटीत भाकरी कुस्करून दोन्ही हातांनी जेवतो. मायला त्याचं तेवढं एक फार आवडतं. बोलणं कळो न कळो, ताट लख्ख करणारा जावई आहे.

अण्णा मितभाषी माणूस. आमचं घराणं मूळचं मेंढरांमागे फिरणारं. अण्णांच्या वडिलांनी जमीन घेतली तेव्हापासून आम्ही एका जागी बसलो, पण अण्णांची चाल अजून रानातल्यासारखीच, लांब टांगांची आणि मुकी. हात धुऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "मंग? काय काम काढलं?"

मी पत्राची हकीकत सांगितली. ती संपायच्या आत ते म्हणाले, "ते नाव म्याच सांगितल्तं लिव्हायला."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. नोंदणीच्या दिवशी आम्ही दोघं फोटो काढून घ्यायला गेलो होतो आणि फॉर्म अण्णांनी एका ओळखीच्या माणसाकडून भरून घेतला होता. लग्नानंतरचं नाव या रकान्यात त्यांनी अभिमानाने सांगितलं, सारिका यान डे योंग. आडनाव चुकू नये म्हणून ते आठवडाभर पाठ करत होते असं मायने मला नंतर सांगितलं.

"लेकीचं लग्न झालं की बापाचं नाव जातंच," अण्णा म्हणाले. "तू कामून माघारी आणून राह्यली? पासपोर्टात नवऱ्याचं टाक आन मोकळी हो. जल्दी काम होईल."

शेजारच्या कौसाकाकू चंद्रयान बघायला म्हणून आल्या होत्या, त्या भिंतीला टेकून सगळं ऐकत होत्या. त्यांनी तर डोक्यालाच हात लावला. "अगं माय! नवरा जित्ता असताना बापाचं नाव लावायचं? लोक काय म्हणतील? पोरगी नांदली न्हाई म्हणतील!"

नांदणं. या शब्दाला डच भाषेत काय म्हणतात ते मला अजून सापडलेलं नाही. नुसतं राहणं नव्हे, नुसता संसारही नव्हे. दिल्या घरी रुजणं, टिकणं आणि तिथलं होऊन जाणं, हे सगळं त्यात येतं. आणि आमच्या भागात एखादी नांदली नाही असं म्हटलं की पुढे काही बोलायला उरत नाही. मी यानला अर्थ सांगायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "पण मी तर नांदते." कौसाकाकूंनी पदर तोंडात कोंबला.

एक गोष्ट मी अण्णांना सांगितली नव्हती. तिकडचं नागरिकत्व घेतलं की भारताचं राहत नाही. निळा पासपोर्ट वकिलातीत नेऊन परत करायचा असतो. मायला फोनवर सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "अण्णांना तू सांग. मला न्हाई सांगवत." मलाही सांगवत नव्हतं. घरात पाय ठेवल्यापासून मी तीच गोष्ट जिभेवर घेऊन हिंडत होते आणि प्रत्येक वेळी तिच्याऐवजी आणखी थोडी आमटी मागत होते.

पहिली फेरी

आमच्या लग्नाची नोंद ज्या कार्यालयात झाली होती तिथल्या मॅडम स्वभावाने चांगल्या निघाल्या. तिकडे आधी वेळ ठरवल्याशिवाय कुणाला भेटता येत नाही. इथे त्यांनी समोर डबा उघडा असतानाही आम्हाला बसवून घेतलं आणि यानला मेथीचा धपाटा खायला लावला. कागद वाचून मात्र त्या बुचकळ्यात पडल्या.

"ताई, ह्यात चूक कुठाय? बाईचं लग्न झालं की नाव बदलतंच की. माझं न्हाई का बदललं?"

"पण मी बदललंच नाही, मॅडम. पासपोर्ट बघा, शाळेचा दाखला बघा. नुसतं इथेच बदललंय."

त्यांनी पुन्हा सगळं चाळलं. शेवटी म्हणाल्या, "करता येतंय. पण हे नाव ज्यांनी लिहून दिलं त्यांनी स्वतः येऊन सांगायला पाहिजे की चुकून लिहिलं म्हणून. तसं प्रतिज्ञापत्र द्यायचं. आन नवऱ्याची हरकत न्हाई, हेबी पाहिजे. तुमचे वडील येतील ना?"

येतील की, असं मी म्हणाले खरं. घरी आल्यावर अण्णांनी फक्त एक शब्द ऐकला.

"चूक?"

"तसं नुसतं लिहायचं असतं, अण्णा."

"चूक कशाची? म्या काही चुकून न्हाई लिव्हलं. चांगलं समजून-उमजून लिव्हलं. लेक दिली, मंग दिली. भरल्या कचेरीत जाऊन मी सांगू का, की माझी चूक झाली, लेक माघारी द्या?"

इतकी लांब वाक्यं मी त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकली होती. ते उठून गोठ्याकडे गेले. मायने मला खुणेने सांगितलं, आता नको. मी चुलीच्या कोपऱ्यात बसून रडून घेतलं. लहान पोरीसारखी रडले आणि धुराचं निमित्तही सांगता आलं नाही, कारण आता तिथे गॅस आहे.

शेतात

दुसऱ्या दिवशी अण्णांनी जावयासाठी हुरडा ठरवला होता. भांडण असलं तरी हुरडा टळत नाही. आमच्या शेतात त्या आठवड्यात चुलतकाकांची मेंढरं बसवली होती. रात्रभर कळप शेतात बसला की लेंडीखत आपोआप मिळतं, त्याच्या बदल्यात मेंढपाळाला धान्य द्यायचं, ही जुनी पद्धत. अण्णांनी कळप यानला असा दाखवला जणू स्वतःचाच राजवाडा. एक कोकरू उचलून त्याच्या हातात दिलं.

यान शिंकला. मग पुन्हा शिंकला. मग थांबेचना. डोळे लाल, नाक लाल, कोकरू घाबरून ओरडतंय, आणि हा शिंकता शिंकता त्याला नीट धरून ठेवतोय, पडू नये म्हणून. त्याला लोकरीची अॅलर्जी आहे हे मला ठाऊक होतं; जिवंत मेंढराचीही असेल हे सुचलं नव्हतं.

अण्णांनी कोकरू काढून घेतलं आणि आभाळाकडे बघितलं. "सात पिढ्या मेंढरामागं गेल्या आमच्या," ते म्हणाले, "आन जावई मेंढराला शिंकून राह्यला." पण त्यांच्या मिशा हलत होत्या. कालपासून पहिल्यांदाच.

मग आम्ही कळपापासून लांब, बांधावरच्या बाभळीखाली बसलो. अण्णांनी गोवऱ्यांच्या आरात ज्वारीची हिरवी कणसं भाजली, तळहातावर चोळली, फुंकर मारून फोल उडवलं आणि गरम दाणे यानच्या ओंजळीत ओतले. बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा. हुरडा कसा लागतो हे ज्याने खाल्ला नाही त्याला मी सांगू शकत नाही. दुधाळ, गोड आणि जरासा धुरकट, एवढंच म्हणते. यानने नाक पुसत पुसत पाच-सहा कणसं संपवली.

खाता खाता तो एकदम म्हणाला, "अण्णा, तुला माहीत आहे? तिकडे दवाखान्यात हिला तुझी नाव म्हणतात."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. जावयाचं 'तू' त्यांच्या अंगवळणी पडलं होतं, बाकी काही उमगलं नव्हतं. "काय म्हणून राह्यला हा?"

मग मी सांगितलं. नर्स, कागद, दार किलकिलं करणं, सगळं. यानने उठून नर्सची नक्कल केली. बाभळीच्या खोडामागून डोकं काढलं आणि बारीक आवाजात हाक मारली, "मेफ्राउ बानूडास?"

अण्णा खो खो हसले. खोकला येईपर्यंत हसले. "आन अजून एकदा म्हण," असं करून त्यांनी त्याला तीन वेळा खोडामागे पाठवलं. मग कोयता खाली ठेवून मला विचारलं, "माझं नाव घेत्यात? तिकडं? त्या दवाखान्यात?"

"दवाखान्यात, पोस्टात, वाचनालयात. सगळीकडे."

"आन मंग तू काय करती?"

"उठते."

"माझ्या नावानं?"

"तुमच्या नावानं."

अण्णांनी आरात राहिलेलं शेवटचं कणीस उकरून काढलं, चोळलं, फुंकलं. या खेपेला दाणे त्यांनी माझ्या ओंजळीत ओतले. लहानपणी ओतायचे तसे, एकही खाली सांडू न देता. मला काल राहून गेलेली गोष्ट तेव्हा सांगायची होती. तोंडात हुरडा होता, म्हणून ती तशीच राहिली.

दुसरी फेरी

सकाळी मी अंगणात आले तर अण्णा धोतर, इस्त्रीचा सदरा आणि लग्नात घेतलेला गुलाबी फेटा बांधून ओट्यावर बसले होते. "चला," एवढंच म्हणाले. काळीपिवळी जीपमध्ये पुढच्या जागेवर बसून त्यांनी बदनापूर येईपर्यंत ड्रायव्हरशी मोसंबीच्या भावावर वाद घातला. कुठे चाललात असं त्याने विचारल्यावर मात्र सांगितलं, "लेकीचं सरकारी काम हाय."

मॅडमनी अण्णांना खुर्ची दिली. तयार मजकूर वाचून दाखवला. त्यात ते वाक्य होतंच: 'माझ्याकडून चुकून असे नाव लिहिले गेले.' अण्णांनी पेन खाली ठेवलं.

"म्याडम, ह्यावर मी सही न्हाई करणार."

"काका, मंग नाव बदलणार कसं?"

"बदला की. पण चूक म्हणू नका. बापानं लेकीचं लग्न करून दिलं, ह्याला चूक म्हणत्यात का?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मी यानकडे. यानला वाटलं आपली पाळी आली. तो उभा राहिला आणि वाटेत पाठ केलेली वाक्यं त्याने खणखणीत म्हणून दाखवली.

"मी हिचा नवरा आहे. मी हिचं नाव बदलले नाही. मी हिच्यावर प्रेम करते. मी काही हरकत घेत नाही, मॅडम, तू लिही."

पलीकडच्या टेबलावरचे दोघं हसून वाकले. मॅडमही हसल्या, चष्मा काढून डोळे पुसले. "बसा हो जावईबापू," म्हणाल्या, "तुमची हरकत न्हाई हे बिलकुल कळलं." मग अण्णांकडे वळून त्यांनी आवाज खाली आणला. "काका, मला एक सांगा. तेव्हा तुम्ही स्वतः तुमचं नाव काढलं. आज स्वतः घालायला आलात. मधी काय झालं?"

अण्णांनी फेट्यावरून हात फिरवला. आधी मॅडमकडे बघून बोलायला लागले, मग जमिनीकडे.

"तव्हा लेक नवऱ्याला दिल्ती. ते बराबर होतं. रिवाजच हाय आपला. पण आता ही देश बदलून राह्यली, म्याडम. हिचा पासपोर्ट माघारी घेणार हायेत. मला कुणी सांगितलं न्हाई, पण हिच्या मायला फोन आल्ता तव्हापासून ती तुळशीपुढं बसून डोळे पुसती. मला काय समजत न्हाई का? जाऊ द्या. चांगलं नांदून राह्यली तिकडं. लेकीनं नांदावंच. पण घर गेलं, गाव गेलं, आता देश जाणार. काहीतर इथलं हिच्यासंगं राहू द्या. दुसरं काय हाय माझ्यापाशी द्यायला? नाव हाय."

मी अण्णांचा हात धरला. एवढ्या लोकांसमोर बापाचा हात धरायची आमच्यात पद्धत नाही, आणि त्यांनीही तो काढून घेतला नाही. यानला शब्द कळले नव्हते, पण त्याने दुसऱ्या बाजूने येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग तो शिंकला, कारण अण्णांच्या अंगाला अजून मेंढरांचा वास होता.

मॅडमनी मजकुराचा कागद ओढून घेतला. 'चुकून' या शब्दावर रेघ मारली, थोडा विचार केला आणि वर लिहिलं, 'रिवाजाप्रमाणे'. मोठ्याने वाचून दाखवलं: "माझ्याकडून रिवाजाप्रमाणे असे नाव लिहिले गेले. प्रत्यक्षात माझ्या मुलीचे नाव सारिका भानुदास शिंगाडे हेच आहे व लग्नानंतरही तेच राहिले आहे." मग अण्णांना म्हणाल्या, "वरच्या साहेबांना मी समजावून सांगते. हे चालेल का, काका?"

अण्णांनी तो शब्द स्वतः वाचून बघितला. मग सही केली. त्यांची सही म्हणजे पूर्ण नाव, सुटी सुटी अक्षरं, भा नु दा स. त्या दिवशी ती नेहमीपेक्षा मोठी आली आणि शेवटचा स कागदाच्या कडेला जाऊन टेकला.

परत

निघताना मायने येसरचा डबा दिला, कौसाकाकूंनी कुरडया दिल्या. बापाचं नाव लावणं त्यांना अजून पटलं नव्हतं, पण कुरडया आपल्या जागी. अण्णा स्टेशनवर आले होते. गाडी सुटताना त्यांनी यानला सांगितलं, "जावई, हिला संभाळा. आन त्या नर्सबाईला माझा रामराम सांगा."

यान म्हणाला, "सांगते, अण्णा."

दुरुस्त झालेलं प्रमाणपत्र यथावकाश शिक्के मारून आलं, अर्ज पुढे सरकला आणि वर्ष उलटल्यावर बोलावणं आलं. नागरिकत्व देतात तेव्हा तिथे छोटासा समारंभ असतो. गावच्या महापौरबाई गळ्यात साखळी घालून उभ्या राहतात आणि एकेकाला पूर्ण नावाने पुढे बोलावतात. माझा निळा पासपोर्ट पर्समध्ये होता. पुढच्या आठवड्यात तो परत द्यायचा होता. मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते. शेजारी यान हात लांब करून फोन धरून उभा. फोनमध्ये आमचं अंगण, माय, आणि अगदी पुढे, कॅमेऱ्याला जवळजवळ नाक लावून, गुलाबी फेटा.

महापौरबाईंनी कागदाकडे बघितलं, श्वास घेतला आणि एकेक अक्षर जपून उच्चारत हाक मारली.

"सारिका... बानूडास... शिंगाडे."

मी उठायच्या आत यानच्या हातातून, सगळ्या सभागृहात ऐकू जाईल असा आवाज आला.

"हजर!"

लोक वळून बघायला लागले. महापौरबाई थबकल्या. यान कानापर्यंत लाल झाला आणि त्याच्या भाषेत म्हणाला, "माफ करा. हे खरे भानुदास." हशा पिकला, मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी पुढे चालायला लागले. पाठीमागे फोनमध्ये अण्णा मायला सांगत होते, आणि तो आवाज मला तिथवर, त्या परक्या लाकडी जमिनीवरून चालताना, स्पष्ट ऐकू येत होता.

"ऐकलंस का गं? मलाबी बोलावलं त्यांनी."